सासूबाईंची राजेळी

साल अठ्ठ्याऐंशी असावं. सिल्वासाच्या सरकारी रोपवाटिकेत मी कृषी सहायक होतो. शेतकऱ्याला निरोगी रोप द्यायचं आणि रोगट रोप त्याच्याच हाताने उपटायला लावायचं, हे माझं काम. पहिल्यासाठी चहा मिळायचा, दुसऱ्यासाठी शिव्या.

केळीवर तेव्हा पर्णगुच्छ आला होता. पानं आखूड आणि ताठ होऊन शेंड्याशी झुबक्याने जमतात, घड धरत नाही, आणि मावा ही बारीक कीड तो रोग शेजारच्या झाडांवर नेते. उपाय एकच. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात, रॉकेल ओतून मावा मारायचा, मग झाड जमिनीतल्या गड्ड्यासकट खणून तुकडे करून पुरायचं. रॉकेल रेशनवर मिळायचं. राखोलीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या शब्दावर घरातल्या दिव्याचं रॉकेल आठ झाडांत ओतलं. त्यावरून त्याची बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आता तो आमच्या रोपवाटिकेतले मुनवे, म्हणजे केळीची पिल्लं, नेणार होता, आणि तो नेणार म्हटल्यावर सगळा पाडा नेणार होता.

आणि माझ्या क्वार्टरच्या मोरीमागे एक राजेळी केळ उभी होती. तिचा मुनवा सासूबाईंनी अलिबागकडून ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणला होता. मुनवा कुठल्या बागेतला, आईचं झाड निरोगी होतं का, हे मी दिवसातून वीसदा लोकांना विचारायचो. सासूबाईंना विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तिची पानं ताठ व्हायला लागली. मी ओळखलं आणि गप्प बसलो. माहेरची केळ उपटायला सांगून घरात महाभारत कोण ओढवून घेणार? बायकोला म्हटलं, "जस्त कमी पडलंय." तीही बरं म्हणाली.

एका रविवारी तो म्हातारा गाडी कधी आणू विचारायला घरी आला. पाय धुवायला मोरीमागे गेला तो बराच वेळ परतेना. मी मागे गेलो. तो राजेळीच्या शेंड्याकडे बघत उभा होता.

"साहेब, ही मांदी हाय ने?"

"नाही हो, आजारी कसली? जस्त कमी पडलंय," माझ्या तोंडून निघून गेलं. इतकी लाज मला परीक्षेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

त्याने मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं. "मंग माझ्या आठ झाडांना बी जस्तच कमी असंल. मुनवे ऱ्हाऊ द्या, साहेब. जस्तच पाठवा."

तो वळला तर दारात माझी बायको उभी, हातात स्टोव्हचं रॉकेल.

"सरका," ती मला म्हणाली, आणि तिने रॉकेल पोंग्यात ओतलं. डोळे भरले होते, पण रॉकेलचा थेंबही बाहेर सांडू दिला नाही.

"अगं, तुझ्या आईने..."

"आईला मी महिन्यापूर्वीच कळवलंय, केळ गेली म्हणून. तुमच्या ऑफिसची रोगांची पत्रकं डब्यांच्या तळाशी घालते मी. वाचताही येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. राखोलीला जाऊन परक्यांना खरं सांगता, आणि घरात जस्त!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते मीच. म्हाताऱ्याने भांडण दोन घटका रंगू दिलं, मग कोपऱ्यातली कुदळ उचलून खणायला लागला. गड्डा बाहेर आल्यावर त्याने घाम पुसला आणि विचारलं, पण मला नाही.

"बाई, मुनवे नेऊ?"

"न्या. पण जाताना आधी मला दाखवा."

सोमवारी रोपवाटिकेतून मुनवे भरून त्याची बैलगाडी निघाली ती थेट आमच्या दारात थांबली. मागे पाड्यातल्या आणखी तीन. बायकोने पदर खोचला आणि एकेक मुनवा उलटा करून बघायला घेतला. मी मागे उभा राहून, हे सगळे मी आधीच तपासलेत, असं दोनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही. शेवटी तिने दोन मुनवे बाजूला काढले. मी बघितलं. दोन्हींचाही गड्डा किड्याने पोखरलेला होता, आणि ते निरोगी असल्याच्या दाखल्यावर सही माझी होती.