धोतराचा उजेड

चार फोटोवाले चहाला बसले की किस्से निघतातच. आमच्याकडे पैशांची तंगी, त्यामुळे किस्से मात्र भरपूर!

लोणावळ्यात स्टेशनाजवळ माझा आणि आप्पाचा भागीत स्टुडिओ होता. लढाईचे दिवस. फोटो उमटवायच्या काचेच्या प्लेटा मिळायची मारामार, विजेचे दिवे ऐपतीबाहेर. मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर ऊन परतवायला आम्ही आप्पाचं पांढरं धोतर ताणून धरायचो. वहिनी म्हणायच्या, "यांना नेसायला एखादं राहू द्या."

*

पावसाळ्यात धुतलेल्या काचा वाळायच्या नाहीत, मला झोप लागायची नाही. एका पाटलांची काच शेगडीजवळ ठेवली, तर वरचा थर पाघळून त्यांची मिशी हनुवटीकडे उतरली. मी फोटो उलटा करूनच त्यांच्या हाती दिला. पाटलांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"मिशी झ्याक आलीया," म्हणाले.

*

इंदुरीला गोरज मुहूर्तावरचं लग्न होतं. ऊन उतरत चाललं, तसा आप्पाला घाम फुटला. त्याने भटजींना जरा आवरायला सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मुहूर्त माझ्याकडे, सूर्य तुमच्याकडे."

*

कॅमेऱ्यासमोर माणूस खांबासारखा ताठ होई आणि प्लेट तर एकच. म्हणून आप्पा आधी रिकामाच कॅमेरा चालवी. "झाला!" म्हटलं की माणूस सैल पडे. मग प्लेट घालून खरा फोटो.

पवन मावळातल्या चंद्रामावशी मुलाला घेऊन आल्या. धोंडू पलटणीत होता, त्याच दिवशी लढाईवर निघालेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

आप्पा "झाला!" म्हणाला आणि गाडीची शिट्टी वाजली. धोंडू वळकटी उचलून पळाला, मागोमाग मावशी. कॅमेरा रिकामा!

आम्ही कॅमेरा, प्लेट, तिवई, धोतर घेऊन स्टेशनावर धावलो. धोंडू डब्याच्या दारात, पण सावलीत. गर्दीत तिवई मी धरलेली, आप्पा कॅमेऱ्यामागे. धोतर धरायला कोणीच नाही. शेवटी मावशींनीच ते घेतलं आणि बाजूला उन्हात उभ्या राहिल्या. आप्पाने बटण दाबलं, गाडी हलली.

फोटो उमटला, पण धोंडू कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. नजर पार बाजूला, धोतराकडे! आप्पाला फार लागलं. मावशी आल्या तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, धोंडू परत आला की नीट काढू. फुकट."

मावशींनी पदराने फोटो पुसला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्यात आमी दोघं हाय."