हिसक्याला काय म्हणतात

उत्तरेश्वरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वारज्याहून खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. दोन बस बदलायच्या. हजेरी लागायच्या आधी तो दोर तपासायचा, हात लावून, टोकापासून टोकापर्यंत. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाचा हात ज्या वस्तूच्या भरवशावर आहे ती सकाळी एकदा पाहिलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता.

त्या दिवशी डबा भरताना त्याची बायको द्वारका म्हणाली, "आज तरी भांडून येऊ नका."

"मी कुठं भांडतोय."

"मग रातच्याला झोपेत शिव्या कुणाला देत होतात? मला?"

त्याने डबा घेतला आणि निघाला.

भांडायला कारण होतं. खराडीत एका मोठ्या ऑफिस इमारतीला बाहेरून काचा बसवायचं काम चाललं होतं. चौकटीत बसवलेली काच, माणसापेक्षा उंच, चार जणांना उचलणार नाही अशी. वर विंच. विंचच्या तारेला काच टांगायची आणि इमारतीच्या अंगाअंगाने वर चढवायची. काच भिंतीवर आपटू नये म्हणून तिच्या खालच्या कोपऱ्यांना दोन दोर बांधलेले, आणि ते दोर जमिनीवर दोन माणसांच्या हातात. काच मजल्यावर पोचली की आतली माणसं ती जागेवर ओढून घेणार. मजल्याच्या कडेला पट्टा बांधून उभा राहून या सगळ्यांना सांगणारा माणूस म्हणजे उत्तरेश्वर.

तो मूळचा औशाकडचा. तिशीत पुण्याला आला. आधी मार्केट यार्डात हमाली, मग भोसरीत कारखान्यांची यंत्रं हलवायची टोळी, आणि शेवटी काचा. जन्मभर ओझं एवढंच त्याने पाहिलं होतं. नुसता जोर असलेल्या माणसाचं त्याला कौतुक नव्हतं. जोर बैलालाही असतो, म्हणायचा. जोर हळूहळू लावणारा आणि हळूहळू काढून घेणारा माणूस त्याला लागायचा. ओझं पडतं ते वजनाने नाही, हिसक्याने पडतं, हे तो टोळीत आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

तरी आठवड्यापूर्वी हिसका बसलाच. सहाव्या मजल्यावर काच पोचली होती. उत्तरेश्वर खाली ओरडला, "ढील दे." डावा दोर सैल झाला. उजवा झाला नाही. उजव्या दोरावर यादगिरी होता, तेलंगणातला, नवा. आतल्यांनी काच ओढली, यादगिरीला वाटलं दोर अडकला, आणि त्याने खालून जोरात हिसडा मारला. काच बाहेर झुलली आणि परत आली. निताई मंडल नावाचा, बंगालमधल्या मालद्याचा माणूस आत चौकट धरून होता. त्याची दोन बोटं चौकट आणि खांब यांच्या मध्ये सापडली. बोटं राहिली नाहीत. चार दिवसांनी निताई हाताला पांढरं गाठोडं बांधून सामान न्यायला आला आणि गावी गेला. जाताना त्याने उत्तरेश्वरला डाव्या हाताने नमस्कार केला. तो डावा हात उत्तरेश्वरच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

काम एक दिवससुद्धा थांबलं नाही. त्याच काचा, तेच दोर, निताईच्या जागी दुसरा. अजून सहा मजले वर चढायचे होते.

कंपनीने मात्र बोर्ड लावला. द्वारकेने भांडू नका म्हणून बजावलं त्याच सकाळी तो गेटपाशी चमकत होता. वर इंग्रजी, खाली हिंदी, मराठी, बंगाली, तेलुगू. मराठीत लिहिलं होतं, 'आकस्मिक हालचाल टाळा.'

उत्तरेश्वरने ते दोनदा वाचलं. मग टोळीला बोलावलं. यादगिरीला तेलुगू वाचता येत होतं. त्याने ओठ हलवत वाचलं आणि मान डोलवली.

"समझा?"

"समझा, मिस्त्री."

पहिली काच चढली. चौथ्या मजल्यापाशी वारा आला. एरवी अशा वेळी खालच्याने दोराबरोबर चार पावलं चालायचं असतं, काच जाईल तिकडे थोडं सोडत, थोडं घेत. यादगिरी जागचा हलला नाही. दोर त्याने हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि खांबासारखा उभा राहिला. काच फिरली, दोर ताणला, आणि यादगिरी तोंडावर पडून बॅरिकेडपर्यंत फरफटत गेला. वरून उत्तरेश्वर विंचवाल्याला थांब म्हणून ओरडला. विंचवाला रामसूरत शहाणा होता, त्याने आधीच थांबवलं होतं. काच वाचली. यादगिरीच्या तळहाताची साल निघाली.

उत्तरेश्वर धावतच जिन्याने खाली आला.

"हाताला दोर गुंडाळायचा नसतो, हे किती वेळा सांगितलं? हललास का नाहीस?"

यादगिरी बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "उसमें लिखा है. हिलने का नहीं."

उत्तरेश्वर तसाच पत्र्याच्या ऑफिसात गेला. तिथे वैष्णवी बसायची, सुरक्षा बघणारी. पोरगी सव्वीस-सत्तावीसची, हेल्मेट टेबलावर, समोर उघडा लॅपटॉप आणि सकाळपासून तसाच राहिलेला पोह्यांचा डबा.

"बोर्ड काढा तो," उत्तरेश्वर म्हणाला.

"का, काका?"

"माणूस मरंल त्यानं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मलमपट्टीची पेटी घेऊन माणूस पाठवला. मग म्हणाली, "काका, इंग्रजी शब्द जर्क आहे. त्याचं भाषांतर मी तीन ठिकाणी तपासलंय. चुकीचं नाहीये."

"चुकीचं कोण म्हणतंय? पण ते दोरावरच्या माणसाला सांगितलेलं नाही. वाऱ्यावर सोडून दिलंय."

"मग काय लिहायचं? तुम्ही सांगा. मी वर पाठवते. आठवडा लागेल, पण पाठवते."

उत्तरेश्वरने तोंड उघडलं. हिसका देऊ नका, एवढं त्याला सांगता येत होतं. पण यादगिरीला हिसका म्हणजे काय ठाऊक? आणि टोळीतल्या मालद्याच्या पोरांना? वैष्णवी पेन घेऊन थांबली होती, थट्टा म्हणून नाही, खरोखर लिहून घ्यायला. त्याचा राग आणखी वाढला. रागवायला समोर वाईट माणूस असला तर बरं असतं.

"जेवणाच्या सुट्टीत सांगतो," म्हणून तो बाहेर पडला.

सुट्टीत त्याने टोळीला सावलीत बसवलं. जुना दोर आणला, एक टोक लोखंडी दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात घेतलं. दोर सैल सोडला आणि एकदम ओढला. दार थाडकन वाजलं.

"ये क्या है?"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मिस्त्रीचं डोकं फिरलं असं रामसूरतला वाटलं असावं.

"अरे, इसको तुम्हारे गाँव में क्या बोलते हैं? मेरी मराठी में हिसका."

"झटका," रामसूरत म्हणाला.

मालद्याच्या दोघांनी आपसांत बोलून घेतलं. "हॅंचका. हॅंचका टान."

यादगिरी गप्प. त्याच्या शेजारचा त्याच्या गावचा माणूस म्हणाला, "मिस्त्री, बस का या मछली का?"

"म्हणजे?"

"बस में ब्रेक मारता, वो कुदुपु. मछली गळ को मारती, वो अलग."

"और दोर का?"

दोघे तेलुगूत भांडायला लागले. एक म्हणे हे, दुसरा म्हणे ते. मालद्याचे हसायला लागले. रामसूरतने जोडून दिलं, "और औरत हाथ छुड़ाके जाती है, वो कौन सा है?" सगळेच हसले. उत्तरेश्वर हसला नाही, पण थांबवलंही नाही. शेवटी यादगिरी उठला, पट्टी बांधलेल्या हाताने दोर घेतला, दार वाजवलं आणि म्हणाला, "कुदुपु. कुदुपु वद्दु. मतलब, कुदुपु नहीं करने का."

"हां. और ढील?"

यादगिरीने मान डोलवली.

"मान मत हिला. ढील क्या है, कर के दिखा."

यादगिरीने दोर हातात धरून इकडे तिकडे पाहिलं. मग तो घट्ट ओढला.

उत्तरेश्वरने त्याच्या हातातल्या ताणलेल्या दोराकडे पाहिलं. एवढे दिवस तो सहाव्या मजल्यावरून ढील दे म्हणून ओरडत होता, आणि खाली हा माणूस हो म्हणून मान हलवून दोर घट्ट करत होता.

"पूछा क्यों नहीं?"

यादगिरी खाली बघत म्हणाला, "नाके पे जो पूछता है, उसको कल नहीं उठाते."

खरं होतं ते. मजूर नाक्यावर सगळेच तसे उभे राहिलेले. मुकादमाने विचारलं, येतं का? तर येतं. समजलं का? तर समजलं. नाही म्हणणाऱ्याच्या जागी दुसरा ट्रकमध्ये चढतो. उत्तरेश्वरने स्वतः मार्केट यार्डात पहिली दोन वर्षं अशीच मान हलवून काढली होती. निताईची बोटं त्या मान हलवण्यात गेली होती, आणि कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, मजुराच्या निष्काळजीपणामुळे.

राहिलेल्या वेळात त्याने प्रत्येकाला दोर हातात देऊन दोन्ही गोष्टी करायला लावल्या. सोड. घे. हळू सोड. हळू घे. त्यांच्या भाषांत या शब्दांना काय म्हणतात तेही पाठ केलं. ज्याच्या हाताला कळलं त्याला बसवलं. नाही कळलं त्याला पुन्हा. जेवण बऱ्याच जणांचं राहिलं. कुणी कुरकुरलं तर म्हणाला, "निताईला विचारून ये, जेवतो कसा ते."

मग तो वैष्णवीकडे गेला आणि चार शब्द सांगितले. तिने लिहून घेतले. तरी ती म्हणाली, "काका, खरं सांगू? काच वर जाताना तुमची माणसं वर बघत असतात. बोर्ड गेटपाशी आहे. मी यातलं काहीही लिहिलं तरी वाचणार कोण?"

हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग वॉकीटॉकी द्या. दोन्ही दोरांवर एकेक."

"मागितले होते. निताईच्या दुसऱ्या दिवशीच मागितले. एक जोडी मंजूर आहे, ती विंचवर आणि साइट इंजिनिअरकडे. बाकीचं पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले."

"पुढच्या टप्प्यात कुणाची बोटं?"

तिच्याही नोकरीचा करार काम संपलं की संपणार होता.

पुढचे काही दिवस उत्तरेश्वर सहाव्या, मग सातव्या मजल्यावरून ओरडत राहिला. कुदुपु वद्दु. हॅंचका टान दियो ना. आवाज खाली पोचेपर्यंत रस्त्यावरचे हॉर्न, ग्राइंडर आणि वारा त्यातला निम्मा खाऊन टाकत. संध्याकाळी घसा बसायचा. काच आठव्या मजल्यावर असताना एकदा खालून यादगिरीने हात कानापाशी नेला. ऐकू आलं नाही, असं त्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं. उत्तरेश्वरने काच तिथेच टांगून ठेवायला लावली, आठ मजले उतरला, सांगितलं, आठ मजले चढला. इंजिनिअर घड्याळ दाखवत ओरडला. उत्तरेश्वर म्हणाला, "घड्याळाला काटे असतात ना? एक काढून बघा, चालतं का."

त्या महिन्याचा पगार झाला त्या संध्याकाळी तो घरी न जाता बुधवार पेठेत उतरला आणि विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत शिरला. तिथे एका अरुंद दुकानात त्याने हातात धरायचा भोंगा मागितला.

दुकानदार पेपर वाचत होता. वर न बघता म्हणाला, "भाजी की भंगार?"

"दोन्ही नाही."

"मग नगरसेवक?"

"काच."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "काचेला ऐकू येतं का?"

"काचेला नाही. खालच्याला आठ मजले ऐकू गेलं पाहिजे. रेकॉर्डिंगचा नको. मलाच बोलायचंय."

"सगळ्यांनाच बोलायचं असतं. ऐकायला लावणारा हा एकच आहे, पण त्याची किंमत आहे," म्हणत त्याने वरच्या फळीवरून एक काढला.

उत्तरेश्वरने दुकानातच कळ दाबली आणि म्हणाला, "ढील." गल्लीतली पाच-सात माणसं वळून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "पोचलं. आता पैसे."

सकाळी गेटवर पहारेकऱ्याने भोंगा अडवला. कंपनीचा माल नाही, आत न्यायचा तर इंजिनिअरची सही लागेल. इंजिनिअर आला नव्हता. वैष्णवी हेल्मेट घालत गेटपाशी आली, तिने भोंगा पाहिला, उत्तरेश्वरकडे पाहिलं, आणि पहारेकऱ्याच्या वहीत स्वतःची सही केली.

"यावरून मला विचारतील," ती म्हणाली.

"विचारू द्या. सांगा, कंपनीनं दिला नाही म्हणून त्यानं आणला."

आठव्या मजल्यावर पहिली काच वर आली. वारा होता. उत्तरेश्वरने भोंगा तोंडाशी धरला आणि उजव्या दोराला त्याच्या भाषेत, डाव्याला त्याच्या भाषेत, हळू सोडायला सांगितलं. दोन्ही दोर एकदम, एकसारखे सैल झाले. काच आत आली. चौकट धरलेल्या माणसाने ती जागेवर टेकवली, हात मागे घेतले आणि चौकट पक्की करायच्या बोल्टांकडे वळला.

कंपनीचा बोर्ड गेटपाशी तसाच आहे, रोज पुसतात. भोंगा मात्र उत्तरेश्वरच्या महिन्याच्या कष्टातून आला. तो कंपनीने आणायला हवा होता, निताईच्या आधी.