फॉर्मवरचं आजाराचं नाव
बूटपॉलिशचा वास आला की मला साताऱ्यातलं ते विम्याचं ऑफिस आठवतं. आई मनाच्या आजारानं पंधरा दिवस दवाखान्यात होती. गावात ‘माहेरी गेलीय’ असं सांगणाऱ्या माझ्या माजी फौजी वडलांनी लाजेपोटी विम्याच्या फॉर्मवर ‘पोटदुखी’ लिहिलं आणि दवाखान्याच्या नोंदीशी ते जुळेना म्हणून कागद परत आले. दुसऱ्या खेपेला ते बूट चमकवून, छातीवर पदकं लावून, आईला आणि मला सोबत घेऊन गेले. भरल्या ऑफिसात खणखणीत आवाजात म्हणाले, “सायेब, मी खोटं लिवलं, माजं चुकलं. हिला मनाचा आजार हाय. पाय मोडला तर विमा देता न्हवं? कायद्यात ह्यो बी तसलाच आजार हाय. लिवा.” आईनं पदर सारखा केला आणि कितीतरी दिवसांनी मान वर केली. गेल्या महिन्यात त्याच आजारानं मी दवाखान्यात भरती झाले, तेव्हा विम्याच्या फॉर्मवर त्याचं नाव मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ठसठशीत.