मिथेनॉलची रेघ

पुण्यात आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो आणि एकाच विषयात पीएच.डी. करत होतो. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, ती घोड नदीकाठच्या इनामगावची. काही दीर्घिकांच्या मधोमध असलेलं प्रचंड कृष्णविवर आजूबाजूचा वायू ओढून घेतं. पडता पडता तो वायू तापतो आणि त्यातून क्ष-किरणांचा मारा सुरू होतो. त्या माऱ्यात शेजारच्या ढगांमधल्या कार्बनी रेणूंचं काय होतं, हे आम्ही रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींवरून शोधायचो. मिथेनॉलसारखे जरा मोठे रेणू तिथं टिकत नाहीत, असा सर्वसाधारण समज. तिला मात्र एका दीर्घिकेच्या अगदी केंद्राशी, नोंदींच्या आलेखात, मिथेनॉलची रेघ म्हणजे त्या रेणूची खूण दिसली. बारीक होती, पण होती.

तिचं म्हणणं असं, की धुळीच्या कणांवर बर्फ असतो आणि त्यात मिथेनॉल गोठलेलं असतं. केंद्रातून सुटणारे झोत ढगांवर आदळले की ते मोकळं होतं. "जुने तुटतायत तोवर नवे सुटत असणार," ती म्हणायची. यावर ती आमच्या मार्गदर्शक सरांशीही वाद घालायची.

तिचा लेख नियतकालिकाकडं तपासणीसाठी गेला आणि ती गावी गेली. तिथं ताप आला, तो तिनं अंगावर काढला. डेंग्यू निघाला. शिरूरच्या दवाखान्यातून तिला पुण्याला हलवलं, पण उशीर झाला होता.

लेखातल्या शंकांची उत्तरं मी आणि सरांनी दिली. तो छापून आल्यावर प्रत घेऊन मी इनामगावला गेले. तिचे वडील कंपनीतली पाळी संपवून नुकतेच आले होते. मी जयभीम केला. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढं केली आणि स्वतः पायरीवर बसले. आईनं पदराला हात पुसून कागद घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठंही ओळखता येत होतं.

"हे नावाम्होरं फुलीवानी काय हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, "लेखक हयात नसला की तशी खूण करतात, मावशी."

"म्हंजी वाचणाऱ्या समद्यांना कळतंय."

"हो."

तिनं कागद वडिलांकडं दिला. त्यांनी विचारलं, "तिला सापडलं काय?" मला जमेल तसं मी सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "येवढ्या धगीतबी टिकतंय म्हना की," ते म्हणाले. पुढं हेच वाक्य ते विहारात, कंपनीत, भेटेल त्याला सांगू लागले.

नंतर दुसऱ्या देशातल्या एका गटानं तीच दीर्घिका अधिक तीक्ष्ण दुर्बिणीनं पाहिली. मिथेनॉल केंद्राशी नव्हतंच. ते बरंच लांब, झोत जिथं ढगांना धडकतात तिथं होतं. आमच्या दुर्बिणीला दोन्ही जागा वेगळ्या दिसत नव्हत्या, म्हणून ते आत असल्यासारखं वाटलं होतं. आत जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं. "विज्ञान असंच पुढं जातं," सर म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

तिच्या वर्षश्राद्धासारखं काही तिच्या घरी करत नसत. पण त्या दिवसाच्या सुमारास वडिलांचा फोन आला. शाळेतल्या पोरांना तिचं काम समजावून सांगशील का, असं विचारत होते. मी गेले, आणि शाळेत जाण्याआधी घरीच त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी तिचं चुकलं?"

"अर्धं, काका. झोतांचं तिचं बरोबर निघालं. जागा चुकली. ती आम्हा सगळ्यांचीच चुकली."

"आन् ती असती तर?"

"तिनं रागानं सगळं पुन्हा मोजलं असतं. त्या लोकांना लिहिलं असतं. भांडली असती."

"भांडली असती, व्हय," आई आतून म्हणाली.

"मानूस चुकतंय, मग दुरुस्त करतंय. तिला दुरुस्त करायलाबी मिळालं न्हाई," वडील म्हणाले.

"पोरांना दोन्ही सांगते मी. तिनं काय म्हटलं, आणि मग काय दिसलं."

"आज नगं. पुढं बघू."

ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. गाडी सुटली तेव्हा ते पाठमोरे होऊन चालायला लागले होते.

माझ्या प्रबंधात तिच्या लेखाची दुरुस्ती मलाच लिहावी लागली. परिच्छेद एवढासाच होता, पण पहिलं वाक्य जमेना. 'आधीच्या निरीक्षणात' असं लिहायचं, की तिचं नाव घालायचं? शेवटी नाव घातलं. आता मी दौंडला शिकवते. वडिलांनी शाळेचा विषय पुन्हा काढला नाही. आईचा अधूनमधून फोन येतो. ती कांद्याचं, पाण्याचं बोलते, माझं लग्न कुठं जमतंय का विचारते. लेकीचं नाव ती घेत नाही, आणि मीही घेत नाही.