शुक्रवारचं पाणी

फिल्टरवाले नाना नळाच्या पाण्याचा वास घेऊन वार सांगायचे. ओंजळीत पाणी घ्यायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "शुक्रवार." मी वैतागून म्हणायचो, "नाना, शुक्रवार आहे हे मलाही माहीत आहे. पेपरात छापलंय." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "पेपरवाल्याला कुणीतरी सांगितलं असेल. मला पाण्याने सांगितलं." मी स्कूटर काढून ऑफिसला निघून जायचो.

नाना वारज्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहायचे. त्यांची सगळी नोकरी शहराच्या जलकेंद्रावर झाली, म्हणून ते फिल्टरवाले. पाण्यात क्लोरीन किती सोडायचा, हे बघण्यात त्यांची हयात गेली. क्लोरीनला ते 'औषध' म्हणायचे. दुरुस्तीसाठी गुरुवारी शहराचं पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी रिकाम्या नळांमधून पाणी सोडताना औषधाचा डोस चढता ठेवायचा, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. आणि तरीही माझ्या हातून व्हायचं ते झालंच.

निवृत्तीनंतर या गृहस्थांना गळ टाकायचा नाद लागला. बरं, साधे मासे धरून समाधान मानतील तर ते नाना कसले! त्यांना मरळच हवी. आणि मरळ ही बाई कणकेच्या गोळीला ढुंकून विचारत नाही, तिच्यासमोर जिवंत, वळवळणारा मासा लागतो. म्हणजे गळाला लावायचे बोटभर लांबीचे मासे एका रविवारी धरणावर जाळ्याने पकडायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत घरी जिवंत, धडधाकट ठेवायचे. खरी मेहनत त्यातच होती. "चौतीस वर्षं पाण्यात औषध घातलं," नाना म्हणायचे, "आता ते उडून जायची वाट बघत बसतो."

तर जिन्याखाली निळा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून ठेवलेला. त्यावर जाळी, जाळीवर वीट, कारण मासे उड्या मारतात. नानांच्या खिडकीतून आलेली वायर, तिला हवेचा छोटा पंप, आणि त्या पंपाची चोवीस तास गुडगुड. शेजारी दोन उघड्या बादल्यांत नळाचं पाणी औषध उडावं म्हणून शिळं होत ठेवलेलं. सोसायटीचा सेक्रेटरी कोण? मी. तक्रारी कुणाकडे? माझ्याकडे. वास येतो, डास होतील, गुडगुडीने झोप लागत नाही. मी नानांना लेखी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि पंपाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, पत्राचा उपयोग झाला. पंप हलत होता, आता आवाज कमी येतो."

त्यांच्या नियमांनी तर माझं डोकं उठायचं. ड्रममध्ये मासे बाराच. तेरावा आला तर तो बाकीच्या बारांची हवा खातो. पाणी कधीही सगळं बदलायचं नाही, तिसरा हिस्सा काढायचा आणि तेवढंच शिळं पाणी भरायचं. हात ओला केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही. मेलेला मासा दिसला की त्याच मिनिटाला बाहेर. आणि खायला जवळजवळ काहीच नाही. आमच्या हिने एकदा मायेने पोळीचे तुकडे टाकले. नानांनी ते सगळे चहाच्या गाळण्याने वेचून काढले आणि वर येऊन म्हणाले, "सूनबाई, पोळी उत्तम होती. पण त्यांनी मागितली नव्हती." ही आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग नानांनीच एक दिवस पोळी मागून खाल्ली, तेव्हा मिटलं.

एकदा संध्याकाळी मी ऑफिसमधून दमून आलो तर लाईट गेलेली. नाना जिन्याखाली उभे राहून मगाने ड्रमातलं पाणी उचलून उंचावरून परत ड्रममध्ये ओतत होते. पंप बंद, म्हणून हाताने हवा घालायची. मला बघून त्यांनी मग पुढे केला. "माझा खांदा भरून आलाय. तू घाल." मी म्हटलं, "नाना, मी अजून बूटही काढले नाहीत." "बुटांचा काय संबंध? हाताने घालायची आहे." तासभर मी त्या ड्रममध्ये पाणी ओतत उभा! येणारे-जाणारे बघून हसत होते. एकाने तर विचारलं, सेक्रेटरी, हे नवीन काम का? लाईट आल्यावर नानांनी मान डोलावली, आभार वगैरे काही नाही.

रविवारचं तर विचारूच नका. मोतीबिंदूनंतर नानांनी गाडी चालवणं सोडलं आणि माझ्या रविवारच्या झोपेवर गदा आली. उजाडता उजाडता पानशेतच्या रस्त्याला लागायचं. मागे नाना, त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये झाकणाची बादली, खड्डा आला की माझ्या पाठीवर पाणी आणि कानाशी, "हळू रे, आतमध्ये जीव आहेत." बाहेर मी एक जीव स्कूटर चालवतोय, त्याचं काही नाही. धरणाच्या फुगवट्यावर पोचलं तरी गळ लगेच टाकायचा नाही. बादलीत धरणाचं पाणी मग-मग घालत माशांना आधी त्याची सवय करायची. अर्धा तास. मी जांभया देत बसायचो आणि दर रविवारी ठरवायचो की पुढच्या वेळी सरळ नाही म्हणायचं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तिथल्या एका बुडालेल्या बाभळीपाशी एका मोठ्या मरळीने नानांची दोरी तोडली. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. सोमवार ते शनिवार तिच्याबद्दलच बोलायचे. "ती तिथंच आहे. जागा सोडायची नाही ती." मी म्हणायचो, "नाना, मासा तो मासा. दुसरा धरा." तेव्हा ते माझ्याकडे असं बघायचे, जसं मी त्यांना दुसरा मुलगा करायला सांगतोय.

मग नानांचा हर्निया निघाला. ऑपरेशन ठरलं आणि त्यांचा बंगलोरचा मुलगा येऊन थडकला. त्याने स्पष्ट सांगितलं की आता बाबांना एकटं ठेवणार नाही, शनिवारी घरी सोडतील, सोमवारी माझ्याबरोबर बंगलोर. नानांनी वाद घातला नाही, एवढंच मागितलं की मधला रविवार मला हवा. मुलगा गाडीने न्यायला तयार झाला. दवाखान्यात जायच्या आधी नानांनी मला ड्रमपाशी नेलं. "बारा आहेत. रविवारपर्यंत जगव. ती मरळ एकदा बघून घेतो, मग तुझी सुटका." मी म्हटलं, "अहो, एवढं काय, बघतो की मी." बघतो की! माझी जीभ झडली कशी नाही.

गुरुवारी शहराचं पाणी बंद होतं. आमच्या टाकीतलंही सकाळीच संपलं. मला ऑफिसला जायचं होतं, मीटिंग होती, आणि जिन्याखाली नानांच्या दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या उभ्या होत्या. त्या शिळ्या पाण्याच्या बादल्या मी वर नेल्या आणि अंघोळ केली. हो, अंघोळ. दुसरी बादली हिने भांड्यांना वापरली. मनात म्हटलं, उद्या पाणी आलं की भरून ठेवू.

शुक्रवारी सकाळी बघतो तर ड्रममधलं पाणी दुधासारखं गढूळ. एक मासा विटेच्या सावलीत केव्हाचा मेलेला, मला दिसलाच नव्हता. तो काढला. अकरा राहिले, तेही वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाणी बदलायला हवं हे कळत होतं. शिळं पाणी तर मी अंगावर ओतून बसलो होतो. नेमकं तेव्हा नळाला पाणी आलं, फसफसत, पांढरं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. तिसरा हिस्सा वगैरे विसरलो, ड्रम जवळजवळ रिकामा केला आणि पाइप लावून भरला. स्वच्छ, नितळ पाणी बघून मला बरंसुद्धा वाटलं! संध्याकाळी आलो तेव्हा अकराच्या अकरा उताणे तरंगत होते.

मी मेलेले मासे काढले, पंप बंद केला, ड्रमवर पत्रा टाकला आणि वर जाऊन बसलो. थोड्या वेळाने दवाखान्यातून रोजचा फोन आला. "काय सेक्रेटरी, मंडळी कशी आहेत?" मी म्हणालो, "मजेत." चाळीस वर्षांचा घोडा मी, माशांवरून खोटं बोललो.

शनिवारी सकाळी मी कर्वेनगरपर्यंत दुकानं पालथी घातली. काचेच्या पेट्यांत ठेवायचे नारिंगी मासे तेवढे मिळाले. ते पिशवीत घेऊन येतोय तर नाना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गाडीतून उतरत होते. घरात न जाता सरळ ड्रमपाशी. पत्रा बाजूला केला. रिकामं पाणी बघितलं, मग माझ्या हातातली पिशवी बघितली. वाकता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, "ओंजळीत दे." मी दिलं. त्यांनी हुंगलं आणि डोळे मिटले.

"शुक्रवार," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "आणि शिळ्या बादल्या?"

"अंघोळ केली, नाना. एक आधीच मेला होता, अकरा काल संध्याकाळी."

मग ते पोटावरचे टाके धरून हसायला लागले. "अकरा मासे एका दिवसात! म्हणजे जलकेंद्रावरची पोरं डोस बरोबर देतायत." मी पिशवी पुढे केली तर म्हणाले, "हे परत दे. मरळीला काय वाढदिवसाला बोलावलंय?" आणि आत गेले. मला वाटत होतं त्यांनी चार शिव्या हासडाव्यात. हासडायला हव्या होत्या. नियम मोडला म्हणून हिला पोळीवरून टोचणारा माणूस, मला मात्र काही बोलला नाही, याचा मला आजही राग येतो.

रविवारी गेलो. जाळं टाकणारे हात नानांचे, आणि त्यांना तर तांब्या उचलायची बंदी. मी जाळं टाकलं, ते माझ्याच पायात अडकलं. आमिषापुरता एखादा मासा मिळावा म्हणून कणकेच्या गोळीवर दोन तास बारीक गळ धरून बसलो, एक काटेरी शिंगटा मासा लागला, तोही माझ्याच बोटाला टोचून पाण्यात निसटला. मुलगा गाडीत फोनवर. नाना बाभळीकडे तोंड करून घडीच्या खुर्चीत बसलेले. एवढ्यात पाणी फुगलं आणि एक काळं, रुंद डोकं श्वास घ्यायला वर येऊन खाली गेलं. अगदी हाताच्या अंतरावर.

"आली बघ," नाना हळूच म्हणाले. ती त्या सकाळी तीनदा आली. तिन्ही वेळा माझ्या बादलीत काही नव्हतं.

सोमवारी ते बंगलोरला गेले. जाताना ड्रम मला देऊन गेले, म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. मी हट्टाला पेटलो. एक रविवार एकटा जाऊन जाळं टाकायला शिकलो, बारा मासे आणले, चार बादल्या शिळ्या करत ठेवल्या आणि घरात बजावलं की पाणी नसेल तर अंघोळ बुडवा, पण यांना हात लावायचा नाही. नानांचा दर शनिवारी फोन यायचा. "इथे बोअरचं पाणी आहे रे. औषध नाही की वास नाही. आज कुठला वार आहे तेच कळत नाही." मग विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "बारा." "मग उद्या जा की बाभळीपाशी." मी म्हणायचो, "तुम्ही आल्यावर जाऊ." एकदा चिडले. "सेक्रेटरी, ते आमिष आहे. पाळायला नाही ठेवत कुणी. न्यायचे असतात." मी म्हटलं, "नेणारच आहे. दिवाळीत या तुम्ही." बरं म्हणाले.

दिवाळीच्या आधीच मुलाचा फोन आला. सकाळी चहा मागितला होता म्हणे, तो आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

जिन्याखाली पंप अजून गुडगुडतो. तक्रारी येतात, मी सेक्रेटरी म्हणून त्या नोंदवून घेतो. आठ महिने झाले, ड्रममधला एकही मासा मेला नाही. मला आता सगळं जमतं. नानांना ते फक्त एका रविवारपर्यंत हवे होते.