विहिरीतल्या बागुलबुवाला पॉपकॉर्न

बायांनो, आज बऱ्हाणपूरला नात चिनूसोबत राक्षसांच्या कार्टून पिक्चरचा दुसरा भाग पाहिला. राक्षसाचं अख्खं घरच येडं. बायको त्याला झापते अन् तो पोरं सांभाळतो. मीही हसले.

घरी आल्यावर पाच वर्षांची चिनू दिसेना. सून म्हणाली, "आई, मागचं दार उघडं आहे."

चिनू विहिरीच्या कठड्यावर पालथी, मुठीत उरलेले पॉपकॉर्न. "बागुलबुवा, वर ये ना. घाबरू नको."

मी हाक मारली नाही. दबकत गेले अन् फ्रॉक धरून मागे ओढली.

तिने विहिरीजवळ जाऊ नये म्हणून मीच तिथे बागुलबुवा बसवला होता. पिक्चरने त्याला सोयरा करून टाकलं.

पिक्चर चांगला आहे, पोरांना दाखवा. पण तुम्ही तुमचा बागुलबुवा कुठे बसवलाय, ते आधी आठवा.