शनिवारची केळी

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कधीमधी टेकडीवरून माकडं उतरत. शनिवार असला की कोणीतरी भिंतीवर केळी ठेवी. डॉक्टर मालतीबाई ती गोळा करून कचऱ्यात टाकत. "बाई, मारुतीचा वार आहे," असं कोणी म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं: "मारुती स्वतःचं बघायला समर्थ आहे. माकडं नाहीत."

बाई गेल्या वर्षी वारल्या. आमचं दाराला दार. त्या जनावरांच्या डॉक्टर, एका प्राणिसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या. मी सोसायटीचा हिशेब ठेवतो म्हणून मला "अहो खजिनदार" म्हणत. एकदा आमच्याच घरची केळी त्यांनी परत आणून दिली, तेव्हा मी कारण विचारलं. त्यांनी दारात उभ्यानेच सांगितलं.

"आमच्याकडे सिंहपुच्छ माकडं होती. काळी, तोंडाभोवती पिकलेली आयाळ. घाटातल्या जंगलांत आता थोडीच उरलीत. आमच्याकडच्या माकडांना रक्ताचे जुलाब लागले. विष्ठा तपासली, तर जंतू माणसांच्या हगवणीचे. जंगलातल्या माकडांची विष्ठाही मी तपासली होती. तिच्यात ते नव्हते."

म्हणजे कोणा माणसाकडून आले. बाईंनी राखणदार, स्वयंपाकी, झाडूवाल्या, सगळ्यांची तपासणी केली. कोणातच काही निघालं नाही. कोणी राहू नये म्हणून शेवटी स्वतःचा नमुना लावला. पोटाची काही तक्रार नव्हती, पण जंतू त्यांच्यातच निघाले.

"खायला घालू नये, ही पाटी मीच लावलेली. आणि दर शनिवारी पूजा आटपून घरचं केळं न्यायचे, सोलून गंगी माकडिणीच्या हातात द्यायचे. डॉक्टर झालं म्हणून शनिवार सुटतो थोडाच?"

औषध पुरं होऊन तपासणी स्वच्छ येईपर्यंत पिंजऱ्याकडे जायचं नाही, हे बाईंनीच ठरवलं. शनिवारी गंगी जाळीतून हात बाहेर काढून बसे. त्यांना ते खिडकीतून दिसे. एका शनिवारी ती आली नाही. मागे तिचं पिल्लू राहिलं.

"राखणदार शंकर बाटली धरायचा, ते तोंड फिरवायचं. पिल्लाला माझी सवय. शंकर म्हणायचा, 'मॅडम, हातमोजे घालून एकदा या की.'"

"गेलात?"

"नाही. हातमोज्यांवर भरवसा होता हो. माझ्यावर नव्हता." मग म्हणाल्या, "ते रडायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं, प्यायलं."

पुढे माझी मुलगी बाळंतपणाला आली. नात भरपूर रडायची. बाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एका संध्याकाळी ती रडता रडता एकदम गप्प झाली आणि आमची बेल वाजायला लागली, थांबेचना. दार उघडलं तर बाई, अनवाणी.

"का थांबली?"

"प्यायली, मावशी. झोपलीय," मुलगी म्हणाली.

"नक्की?"

मुलीने बाळ पुढे केलं. बाईंनी घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच वाकून बाळाच्या पोटाकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. जवळ गेलो तेव्हा कळलं, श्वास मोजत होत्या.